जॉर्ज फर्नांडिस कोणाचे?

जॉर्ज फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले. परंतु आपल्या समाजात त्यांच्यावरील खटला अद्याप संपलेला नाही. एक पक्ष म्हणतो, ‘आपला माणूस देशाचा संरक्षणमंत्री झाला.’ दुसरा म्हणतो, ‘त्याने आपल्या माणसांशी दगा केला.’ आमच्या मते दोन्ही पक्षांचे मापच खोटे आहे.

मंगळूरचा हा मुलगा सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्यासाठी बंगलोरच्या सेमिनरीत गेला. तेथे वरिष्ठांची पंगत वेगळी आणि विद्यार्थ्यांची वेगळी, हे आपल्याला मानवले नाही, असे त्यांनीच पुढे सांगितले. १९४९ साली ते मुंबईस आले. गोदी कामगार, टॅक्सीचालक, महापालिका कामगार यांत त्यांनी आयुष्य ओतले. १९६७ साली स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य नेत्यास त्यांनी दक्षिण मुंबईत पराभूत केले. मे १९७४ मध्ये रेल्वे संपाचे नेतृत्व केले. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात ते तुरुंगात गेले आणि १९७७ साली तेथूनच मुझफ्फरपूरमधून निवडून आले. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जण त्यांना ‘आपला’ म्हणत होते? ‘संपवाला’ म्हणून नाक मुरडणारेच अधिक! मंत्रिपद मिळाले आणि नाते आठवले.

१९९६ साली त्यांच्या समता पक्षाने भाजपशी युती केली. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन कोवळी मुले जिवंत जाळली गेली. पाहणीस गेलेल्या तीन केंद्रीय मंत्र्यांत फर्नांडिस होते. त्या राखेत त्यांना सरकारविरुद्धचे आंतरराष्ट्रीय कारस्थान दिसले! आपला संताप रास्तच होता. पण ३० एप्रिल २००२ रोजी, गुजरातमधील मुस्लिम स्त्रियांवरील अत्याचारांचा विषय निघाला असता, असे प्रकार देशात नवे नाहीत, असे हेच फर्नांडिस लोकसभेत म्हणाले. तेव्हा आपला संताप कोठे होता? दग्याची गोष्ट सांगताना आपण १९९९ पाशीच का थांबतो?

त्यांचा अपराध ख्रिस्ती असून ख्रिस्ती लोकांची बाजू न घेण्याचा नव्हे. ज्याने स्वतः राजसत्तेच्या बेड्या वाहिल्या, त्याने पीडितांसमोर राजसत्तेची वकिली केली, हा तो अपराध होय. पीडित कोणत्या धर्माचे, हा प्रश्न तेथे गौण आहे.

म्हणून समाजबांधवांस आमचे सांगणे एवढेच : फर्नांडिसांचा न्याय अवश्य करा, पण जातभाई म्हणून त्यांना डोक्यावर घेऊ नका आणि जातभाई म्हणून शापही देऊ नका. परक्याच्या अंगणातील आग पाहून आपण गप्प बसणार असू, तर त्यांना दोषी ठरविण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.