डॅशबोर्ड नक्की कोणासाठी?

'डॅशबोर्ड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पिंपरी-चिंचवडच्या माणसाला आधी गाडीतला डॅशबोर्डच आठवणार! पण हल्ली इंटरव्ह्यूत हा शब्द आला की समजायचं, पॉवर बी.आय. किंवा टॅब्लो येतं का असं विचारतायत. कंपनीतले सगळे आकडे एका स्क्रीनवर, रंगीत आलेखांत. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या बायोडेटात हे लिहिलेलं आहे. माझ्याही आहे. म्हणूनच हे लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असं मी समजते.

गेल्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण भोसरी एम.आय.डी.सी.तल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये इंटर्नशिपला होतो. पत्र्याचे ब्रॅकेट बनवायचे आणि चाकणला पाठवायचे, हे तिथलं काम. मालकांची मागणी साधी होती, "कुठली मशीन किती वेळ बंद होती आणि का, हे मला मोबाईलवर दिसलं पाहिजे." आम्ही खूश! रजिस्टरमधली माहिती एक्सेलमध्ये भरायची, आलेख काढायचे, की झालं.

पहिल्याच आठवड्यात फजिती. गुरुवारी अख्खा स्क्रीन लालभडक, उत्पादन शून्य! आम्ही घाबरून फोन केला तर सुपरवायझर हसत सुटले. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही आपली रविवारची सुट्टी धरली होती. इथेच वाढलेल्या आम्ही, पण एम.आय.डी.सी.चा आठवडा आम्हाला माहीत नव्हता.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी विषय होता, पण दहावीनंतर त्याच्याशी माझा संबंध मेसेजपुरताच उरला. रजिस्टरमध्ये आकडे कुणी देवनागरीत लिहायचं, कुणी इंग्रजीत. घाईघाईत देवनागरी एक मला इंग्रजी नऊ वाटला, आणि मशीन १० मिनिटं बंद होती त्याची ९० मिनिटं झाली. एकदा नाही, तीन वेळा! आलेखात सेकंड शिफ्टचा खांब उंच गेला, आणि त्या शिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाला सगळ्यांसमोर बोलणी बसली. तो खाली मान घालून उभा होता. स्क्रीनवर दिसतंय म्हटल्यावर तो बिचारा काय बोलणार?

तिथल्या एका जुन्या ऑपरेटर काकांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. "मॅडम, हे नव्वद नाही, दहा आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी त्या मुलाला बोलावून चूक त्याची नसल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. पण काकांनी रजिस्टर उघडलं नसतं तर?

मग मी काकांच्या शेजारी बसून पूर्ण रजिस्टर पुन्हा वाचलं. मशीन बंद राहण्याचं सर्वांत मोठं कारण होतं 'लाईट गेली'. मालक जनरेटरचा विचार करू लागले होते. काका हळूच म्हणाले, "डाय बदलायला वेळ लागला असं लिहिलं की ओरडा बसतो. लाईट गेली लिहिलं की कोण ओरडणार?" खरा प्रॉब्लेम हा होता, की डाय उचलायला फोर्कलिफ्ट एकच आणि ती मिळेपर्यंत मशीन थांबलेली. म्हणजे आमचा सुंदर आलेख मालकांना लाखोंच्या चुकीच्या खरेदीकडे घेऊन निघाला होता!

आपण पुस्तकात ओ.ई.ई. शिकतो. मशीन किती वेळ चालली, किती वेगाने चालली आणि किती माल चांगला निघाला, या तिघांचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के असतील तर उत्तर साधारण ८५ टक्के. जपानच्या सेईची नाकाजिमांनी मांडलेलं हे गणित खरंच सुरेख आहे. पण त्यातला पहिलाच आकडा भीतीपोटी लिहिलेला असेल, तर गुणाकार करून काय उपयोग?

काही मित्र म्हणतील, "माणसाला विचारूच नका, सेन्सर लावा." लावा की! पण सेन्सर सांगेल मशीन थांबली. का थांबली, हे माणूसच सांगणार. आणि मालकही काही खलनायक नसतात. चाकणच्या मोठ्या कंपनीची लाईन आपल्या मालासाठी थांबली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांना आकडे हवेत, यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो आकड्यांचं आपण काय करतो याचा.

टोयोटाच्या कारखान्यात 'अँडॉन' नावाचा दिव्यांचा बोर्ड असतो. अडचण आली की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. रागावायला नाही, मदतीला! तोही एक डॅशबोर्डच, पण तो काम करणाऱ्याच्या डोक्यावर लावलेला, सगळ्यांना दिसणारा. आमचा होता फक्त मालकांच्या मोबाईलवर.

गंमत म्हणजे 'डॅशबोर्ड' हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड! आपण बनवतो ते डॅशबोर्डही असेच तर होत नाहीत ना? साहेब स्वच्छ, आणि चिखल कोणाच्या अंगावर?

म्हणून मला वाटतं, डॅशबोर्ड बनवण्याआधी आपण तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती कोण भरतं? खरं लिहिलं तर त्याचं काय होतं? आणि तयार झालेला आलेख त्याला बघायला मिळतो का? शेवटच्या आठवड्यात आम्ही एक जुना मॉनिटर प्रेसच्या बाजूला लावला, सगळी नावं मराठीत केली आणि कारणांच्या यादीत 'फोर्कलिफ्टची वाट' असं एक नवीन कारण टाकलं. दोन दिवसांत 'लाईट गेली' निम्म्यावर आली. महावितरणने त्यासाठी काहीही केलं नव्हतं!

सॉफ्टवेअर आपण महिन्याभरात शिकू. रजिस्टर वाचायला मात्र काकांच्या शेजारीच बसावं लागतं. बघा, पटतंय का!