पुढची जोडी जुंपण्याआधी



गावात नवा ट्रॅक्टर आला की पूर्वी लोक विचारत, किती हॉर्सपॉवरचा? आता त्याआधी दुसराच प्रश्न येतो : फोर व्हील की टू व्हील? पुढच्या चाकांनाही जोर देणाऱ्या ट्रॅक्टरची ओढ कोरडवाहू मुलखातही वाढली आहे. त्यात गैर काही नाही. पण साध्या ट्रॅक्टरपेक्षा त्याला लाखावर रुपये जास्त पडतात आणि हा लाख बहुतेक घरांत कर्जाचा असतो. विक्रेता हॉर्सपॉवर सांगतो, हप्ता सांगतो. पुढच्या एक्सलच्या पोटात काय आहे आणि ते आपल्या रानात वर्षातून किती दिवस कामाला येईल, हे सांगत नाही. ते आपणच समजून घेऊ.

आधी हिशेब. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या भावाने एक लाख रुपये म्हणजे सव्वाबारा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर तीन एकरांचे अख्खे पीक. तेही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी वजा न करता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण त्याच्या महिनाभर आधी, १९ ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले गेले आणि ती सूट ऐन वेचणीच्या हंगामात ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ट्रॅक्टर स्वस्त करायचा आणि त्याचे हप्ते ज्या कापसावर फेडायचे तो कापूसही स्वस्त करायचा, असे हे औदार्य! भावाची लढाई आपण लढूच. पण तोवर कर्जाचा रुपया कुठे जातो, याचा पहारा आपल्यालाच करायचा आहे.

आता यंत्राकडे वळू. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक फरफटत जाईल. डिफरन्शिअलचे गिअर दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतात, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतात. खोड इथेच आहे. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की त्याला नाममात्र जोर लागतो. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही ताकदीचा असो, गाडी जागची हालत नाही, तसेच हे.

काळ्या रानात लोखंडी नांगराला पूर्वी एकामागे एक दोन-तीन जोड्या जुंपत. फोर व्हील म्हणजे तशी पुढे जुंपलेली जोडी. पण जोडीतला एकेक बैल बसला तर दोन जोड्याही उभ्या राहतात. म्हणजे लॉक नसेल तर फोर व्हील ट्रॅक्टरचेही एक पुढचे आणि एक मागचे चाक जागच्या जागी फिरत राहते आणि ट्रॅक्टर रुतून बसतो. म्हणून खरेदीच्या वेळी 'फोर व्हील आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. पुढच्या डिफरन्शिअलला काय आहे, ते विचारावे.

त्यात तीन प्रकार आहेत. पहिला साधा, मोकळा. दुसरा क्लचप्लेटांचा, एक चाक सुटू लागले की तो काही जोर आपोआप दुसऱ्याकडे वळवतो. तिसरा पूर्ण लॉक होणारा. लॉक केलेल्या पुढच्या चाकांनी ट्रॅक्टर वळायला मागत नाही, स्टिअरिंग जड होते आणि तसाच रेटून वळवला तर गिअर व दांड्यांवर ताण येतो. आमचे मत स्पष्ट आहे : कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू कामाला, फोर व्हील घ्यायचाच असेल तर, पुढे साधे डिफरन्शिअल आणि मागे चांगला लॉक पुरतो. पुढच्या लॉकसाठी जादा पैसे मोजावेत असे काम आपल्या रानात क्वचितच निघते.

दुसरी गोष्ट चालीची. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा किंचित पुढे ओढती असावी, म्हणून पुढच्या चाकांची चाल मागच्यापेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते. मातीत हा फरक जिरतो. डांबरी रस्त्यावर जिरत नाही. दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात, टायर झिजतात, गिअर तुटतात. कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगला निघालात की पुढचा जोर काढून टाका. टायर बदलताना कंपनीने सांगितलेल्या मापाचाच टायर घाला. फक्त मागे मोठा किंवा फक्त पुढे लहान टायर घातला की चालीचे सगळे गणित बिघडते.

आता मुख्य प्रश्न : आपल्याला याची गरज आहे का? ते आपल्याच रानात मोजता येते. मागच्या चाकाला खडूची खूण करा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे चालवा आणि अंतर मोजा. मग त्याच रानात नांगर लावून दहा फेरे चालवा. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ भरले, तर सहा मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १५ टक्के. साध्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसरण चालते. तेवढीच भरत असेल तर पुढच्या एक्सलवर लाख घालून फारसे काही पदरात पडणार नाही.

घसरण जास्त भरली तरी आधी स्वस्त उपाय करावेत. गुळगुळीत झालेले टायर बदला. रानात हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. मागच्या टायरात पाणी भरा किंवा चाकांना लोखंडी वजने लावा आणि रस्त्याच्या कामाला ती काढा. टाचेजवळचे लॉकचे पेडल सरळ चालीत, चाक जोरात फिरू लागण्याआधी दाबा आणि वळण्याआधी सोडा. हे पेडल बहुतेक ट्रॅक्टरांना असते. पण ते गंजून बसेपर्यंत कोणी त्यावर पाय ठेवत नाही!

रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर, टॉप लिंकच्या जागी बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. पुढच्या एक्सलचे वजन जास्त म्हणून फोर व्हील उलटतच नाही, या भ्रमात राहू नये. पंजाबात पाठीला पाठ लावून ट्रॅक्टर एकमेकांना ओढतात. त्याला टोचन म्हणतात. त्याच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही पोरे पैजा लावू लागली आहेत. त्याच पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रॅक्टरवर कसरत करताना एका तरुणाचा जीव गेला आणि सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली. यंत्र कामासाठी आहे, पैजेसाठी नाही.

शेतीशास्त्राच्या बाजूने एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. साधा ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात शिरत नाही, हा त्याचा दोष वाटतो. पण तोच आपल्याला वाफशाची वाट पाहायला लावतो. फोर व्हील वाफसा येण्याआधीही रानात शिरेल आणि काम उरकून बाहेर येईल. मात्र खाली माती दाबून घट्ट करून येईल. त्या थरावर कपाशीचे सोटमूळ अडते, पाणी मुरत नाही आणि रब्बीच्या ज्वारीला लागणारी ओल तेवढी कमी साठते. चार दिवस वाचवायचे आणि हंगाम गमवायचा, असा हा सौदा होऊ शकतो.

मग फोर व्हील घ्यावाच कोणी? ज्याला वर्षभर भाड्याची नांगरट आहे, चढउताराचे किंवा पाणथळ रान आहे, पुढे लोडर लावून काम करायचे आहे, त्याने जरूर घ्यावा. पाच-दहा एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने घेऊ नये. गटाने घ्यावा, किंवा लागेल तेव्हा भाड्याने आणावा.

येत्या जिल्हा बैठकीत आम्ही तीन मागण्या ठेवणार आहोत. पैसे भरण्याआधी विक्रेत्याने ट्रॅक्टर ग्राहकाच्या रानात चालवून घसरण मोजून दाखवावी. मध्य प्रदेशातील बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालातील ओढशक्तीचे आकडे मराठीत दुकानात लावावेत. पुढच्या एक्सलच्या सुट्या भागांच्या किमती खरेदीच्या वेळीच लेखी द्याव्यात.

बैठकीला येताना आपल्या ट्रॅक्टरच्या घसरणीचा आकडा मोजून आणा. गावोगावचे आकडे एका कागदावर आले की विक्रेत्याशी बोलणे सोपे जाईल.