जखमेआधी श्वास

मनमाड हे लोहमार्गांचे जंक्शन; शिवाय इंदूर-पुणे महामार्ग येथूनच जातो. अपघातातील जखमी पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याच्या दारी आणला जातो. ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ म्हणून त्यास न पाहताच पुढे धाडणे आम्हांस उचित वाटत नाही. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिकांवरही आयुर्वेद पदवीधरांनी सेवा बजावली आहे.

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मे सांगून त्यांतील १९ सद्यःप्राणहर मानली. तरीही आपली दृष्टी प्रथम डोळ्यांत भरणाऱ्या जखमेकडे जाते. पट्टी बांधली जाते आणि अडलेला श्वास किंवा पोटातील रक्तस्राव ध्यानी येत नाही. अपघात विभागातील परिचारिका मात्र ठरलेल्या क्रमाने पाहते : धो धो वाहणारे रक्त दाबून थांबविणे, मग मान स्थिर ठेवून श्वासमार्ग, त्यानंतर श्वसन, नाडी व रक्तदाब, शुद्धी, शेवटी कपडे दूर करून सर्वांग तपासणे व रुग्णास उबदार ठेवणे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेस हा क्रम परका नाही.

नाडी एकदा मोजून भागत नाही. ९० ची १२० झाली, हे मालेगाव वा नाशिकच्या शल्यचिकित्सकास वेळेसह लिहिलेल्या चिठ्ठीवरूनच कळेल. म्हणून रुग्णासोबत चिठ्ठी जावीच. मात्र तिच्यासाठी रुग्णवाहिका खोळंबू नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही अशा रुग्णास पाणी, चहा वा वेदनाशामक गोळी तोंडाने देऊ नये. आपल्या दारी उपचार पूर्ण होणार नाहीत. परीक्षा मात्र तेथूनच सुरू व्हावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.