सुशीचं सोवळं

सुशी जगभर गेली आणि बाटली, असं एका खाद्यपंडितांचं म्हणणं आहे. अमेरिकेने तिच्यात अ‍ॅव्होकाडो कोंबला, नॉर्वेने साल्मन घुसवला, परदेशी खवय्यांनी समुद्रातला ट्यूना संपवला. तेव्हा सुशी जपान्यांनीच करावी आणि इतरांनी जपानात जाऊन खावी. या अज्ञानाचा राग येत नाही, त्यामागच्या अधिकारवाणीचा येतो.

सुशी जिच्यात गुंडाळतात ती नोरीच घ्या. काळपट हिरवी, कागदासारखी पातळ, दातांखाली कुरकुरणारी. जपानी कोळी पिढ्यान्‌पिढ्या खाडीत बांबू रोवून हे समुद्रशेवाळ पिकवत आले, पण त्याचं बी उन्हाळ्यात कुठे दडतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बसलं. तेव्हा मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर या बाईंनी १९४९ मध्ये दाखवून दिलं, की रिकाम्या शिंपल्यांवर चढणारं गुलाबीसर पुट ही निराळी वनस्पती नव्हेच. ती या शेवाळाचीच एक अवस्था आहे. त्यावरून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांत बी वाढवून जाळ्यांवर धरायची रीत बसवली आणि नोरीची शेती उभी राहिली. बाई जपानला कधी गेल्या नाहीत. तरी कुमामोतोतल्या उतो गावी त्यांचं स्मारक आहे. नोरी पिकवणाऱ्यांना हे ऋण कळतं. आमच्या पंडितांना मात्र परक्या हाताचा विटाळ होतो!

साल्मनचं तेच. पॅसिफिकच्या साल्मनमध्ये परजीवी असतात म्हणून जपानी तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला साल्मन तिथे नेला आणि आज तो तिथल्याच सुशीघरांत लाडका आहे. टेम्पुरा या तळलेल्या जपानी पदार्थावरूनही असाच वाद झाला होता. तळणाची ती रीत पोर्तुगीजांकडून आली हे सांगितल्यावर ही सोवळी मंडळी गप्प बसली आणि थोड्याच दिवसांत सुशीकडे वळली. ट्यूनाबद्दल एवढंच, की ब्लूफिन जातीच्या ट्यूनाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपानच आहे.

माझं म्हणणं साधं आहे. सुशी पसरली हे चांगलंच झालं. कच्च्या माशाला नाक मुरडणारी माणसं आज ताजा मासा पारखू लागली. जपायचा आहे तो समुद्र. पकडीचे कोटे कडक केल्यावर अटलांटिकचा ब्लूफिन सावरला आणि २०२१ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. दक्षिणेकडचा ब्लूफिन अजून त्या यादीत आहे. भांडायचंच असेल तर त्याच्या कोट्यावरून भांडा.