खिशातला उजेड

गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता आमच्या शहपुरा शाखेत एक बाई विम्याच्या दाव्याचा अर्ज घेऊन आल्या. शहपुरा नावाचे गाव डिंडोरी जिल्ह्यातही आहे. मी म्हणतो ते जबलपूर जिल्ह्यातले, इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील भिटोनी स्थानकाचे. बाईंचे यजमान आमचे जुने खातेदार. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये त्यांच्या खात्यातून नियमित वळते होत. श्रावणातल्या एका रात्री गोठ्यातली म्हैस का रेकते आहे हे पाहण्यासाठी ते उठले आणि अंगण ओलांडताना त्यांना साप चावला. पहिले दोन तास मंत्र-तंत्रात गेले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

कागद तपासता तपासता मी सहज विचारले, घरात उजेडाचे काही साधन नव्हते का? बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "बैटरी तो थी साहब, सेल खतम थे."

या योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास रुग्णालयाची तत्कालीन नोंद आवश्यक असते. ती होती. दावा मंजूर झाला, दोन लाख रुपये वारसाच्या खात्यात जमा झाले आणि कार्यालयीन भाषेत प्रकरण निकाली निघाले. माझ्या मनातून मात्र ते एक वाक्य काही निकाली निघाले नाही.

आपण बँकेतली माणसे 'जोखीम' हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारतो. जोखमीला उत्तर देण्याचे दोन मार्ग आहेत. नुकसान झाल्यावर त्याची भरपाई मिळावी, हा एक; आणि नुकसान होण्याचा संभवच कमी करावा, हा दुसरा. पहिल्या मार्गाचा प्रचार आपण पुष्कळ करतो, आणि तो करायलाच हवा. दुसऱ्या मार्गाबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही, कारण त्यासाठी अर्ज नसतो, पावती नसते आणि उद्दिष्टही नसते. या दुसऱ्या मार्गावरच्या एका अगदी लहान वस्तूबद्दल मला येथे आग्रहाने लिहावयाचे आहे. माझे मत असे की, प्रत्येक कर्त्या माणसाच्या खिशात किंवा पर्समध्ये किल्ल्या आणि पाकिटाच्या जोडीला एक लहान विजेरी असावी, आणि ती सदैव चालू स्थितीत असावी. या वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा महत्त्वाचा आहे.

अंधार अजून गेलेला नाही

विजेरी हा शब्द पाठ्यपुस्तकातला. घरोघरी आपण बॅटरी म्हणतो, शहरात टॉर्च म्हणतात, आणि इकडच्या हिंदी मुलखात जुनी माणसे अजूनही चोरबत्ती म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या विदर्भातल्या घरी वडिलांची तीन सेलची पितळी बॅटरी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असे. तिला मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. पुढे दहावीच्या वर्षी भारनियमनाने कळस गाठला, तेव्हा अभ्यास कंदिलावर आणि ये-जा त्या बॅटरीवर, असाच आमचा दिनक्रम होता. मध्य प्रदेशात तर २००३ सालची विधानसभा निवडणूकच 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर लढली गेली.

तेव्हाच्या तुलनेत आज परिस्थिती पुष्कळच सुधारली आहे. घरोघरी दिवा आहे, रस्त्यावर खांब आहेत. परंतु घराचा दिवा उंबऱ्यापाशी संपतो आणि खांबाचा प्रकाश वळणापाशी. उंबरा आणि गोठा, विहीर आणि बांध, जिना आणि मीटरची पेटी यांच्यामधला पन्नास पावलांचा अंधार आजही तसाच आहे. माणसाला इजा होते ती बहुधा या पन्नास पावलांतच.

सर्पदंशाचेच पाहा. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. अधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेशाचेही नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला आणि भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तज्ज्ञ जे प्रतिबंधक उपाय सांगतात त्यांत पायांत बूट, झोपताना मच्छरदाणी आणि रात्री चालताना हातात उजेड हे तीन ठळक आहेत. विजेरीने सर्वच टळते असे नव्हे. मण्यार अनेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. तेथे मच्छरदाणी कामाची. पण वाटेत वेटोळे घालून पडलेली घोणस पाय पडण्यापूर्वी दिसणे, हे निव्वळ उजेडाचे काम आहे.

दुसरी गोष्ट भूकंपाची. २२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास जबलपूरला भूकंपाचा जबर धक्का बसला. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तोही पहाटे चारच्या सुमारास, सारे झोपेत असताना. अशा वेळी वीज जाते, चष्मा सापडत नाही, जिन्यावर काय पडले आहे ते कळत नाही. उशाशी असलेला हातभर उजेड त्या क्षणी लाखमोलाचा ठरतो.

"मोबाईल आहे ना!"

विजेरीचा विषय काढला की, हे उत्तर हमखास येते. ते अर्धे खरे आहे. किल्लीचे भोक शोधायला मोबाईलचा दिवा पुरतो. पण शेताच्या बांधावर तो चार-पाच पावलांपलीकडे नीट दाखवीत नाही, कारण त्याचा प्रकाश एका दिशेने न जाता सगळीकडे पसरतो. पावसात तो बाहेर काढवत नाही. दिवा लावण्यासाठी पडदा उघडा, खूण शोधा, बोट टेकवा, इतके सोपस्कार करावे लागतात, आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. संकटाच्या वेळी मोबाईल हा बोलण्यासाठी लागतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२, शेजाऱ्याला हाक, हे सारे त्याच्यावरच अवलंबून असते. त्याच यंत्राची शिल्लक उजेडासाठी खर्च करणे म्हणजे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीतून रोजचा भाजीपाला आणणे होय. दोन गरजांसाठी दोन खाती असावीत, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावयास नको.

निवड कशी करावी

दुकानात गेल्यावर पहिली भूल पडते ती आकड्यांची. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो हे 'ल्युमेन' या एककात सांगतात. डबीवर हजारांचे आकडे झळकत असतात. खिशातल्या विजेरीला त्यांची गरज नाही. खोलीत वस्तू शोधायला १० ते २० ल्युमेन, आणि पायवाटेने चालायला १०० ल्युमेनच्या आसपास पुरेसे होतात. शिवाय अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दुप्पट लांबचे तितकेच स्पष्ट पाहायचे तर चौपट तेज हवे. मोठ्या आकड्याचा खर्च चौपटीने वाढतो आणि लाभ मात्र दुपटीचाच मिळतो. लहान विजेरी पूर्ण तेजावर चालवली तर काही मिनिटांत तापते आणि सेलही लवकर उतरतात, हे वेगळेच.

डबीवरचे अंतर आणि तासही जपून वाचावेत. या क्षेत्रात प्रचलित असलेल्या अमेरिकी मानकानुसार 'अंतर' म्हणजे जेथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका प्रकाश उरतो तेथपर्यंतचे अंतर, आणि 'चालण्याचा काळ' म्हणजे मूळ तेजाच्या एक दशांश तेज उरेपर्यंतचा काळ. म्हणजे शंभर मीटर लिहिले असेल तर शंभराव्या मीटरवर साप ओळखू येईल, असा त्याचा अर्थ नव्हे. अनेक स्वस्त विजेऱ्यांवर तर कोणत्याच मानकाचा उल्लेख नसतो. तेथे आकड्यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न सेलचा. येथे भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च असा हिशेब मांडावा. एका पेन्सिल सेलवर किंवा रिमोटच्या छोट्या सेलवर चालणारी विजेरी मला खेड्यासाठी सर्वांत योग्य वाटते. तिचे सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, आणि अडचणीच्या वेळी भिंतीवरच्या घड्याळातूनही काढता येतात. रोज वापर असणाऱ्याने मोबाईलच्या तारेने भरता येणारी विजेरी घ्यावी. किंमत थोडी अधिक, पण सेलचा खर्च वाचतो. मात्र दोन दिवस वीज नसली तर ती भरणार कशी, याचा विचार आधीच करावा. एक सावधगिरी आवश्यक आहे. पेन्सिल सेलच्याच आकाराचे लिथियमचे सेलही मिळतात. त्यांचा दाब १.५ व्होल्ट नसून ३.७ व्होल्ट असतो. विजेरीच्या माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी नसेल तर ते कधीही घालू नयेत.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. कळ एका हाताने, अंधारात, चाचपून सापडेल अशी असावी. ती दाबताच प्रथम मंद उजेड लागावा. लुकलुकणारे चार-पाच प्रकार मध्ये नसावेत. पाऊस सोसण्याची खूण पाहावी. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. खिशाला अडकवण्याची पट्टी असावी. आणि वजन इतकेच असावे की ती खिशात आहे हे विसरायला व्हावे. जड वस्तू चार दिवस खिशात राहते आणि पाचव्या दिवशी कपाटात जाते. कपाटातली विजेरी ही मुदतीआधी न मोडता येणाऱ्या ठेवीसारखी असते. आपली असते, पण हवी तेव्हा हाती नसते.

हे सारे गुण असलेली वस्तू काही शे रुपयांत मिळते. एलईडीमुळे हे शक्य झाले. ज्या निळ्या एलईडीमुळे आजचा पांढरा दिवा तयार होऊ शकला, तिच्या तीन जपानी जन्मदात्यांना, म्हणजे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांची ती पितळी बॅटरी तीन मोठ्या सेलांवर जेवढा पिवळा उजेड देत असे, त्याहून अधिक उजेड आज बोटाएवढी नळी एका सेलवर देते.

वापराचे काही नियम

विजेरी चालताना छातीपाशी न धरता कमरेच्या खाली धरावी आणि प्रकाश दोन-तीन पावले पुढे जमिनीवर टाकावा. खडे, खड्डे आणि सरपटणारे जीव यांच्या सावल्या त्यामुळे लांब पडतात व लवकर दिसतात. घरात मंद उजेडच वापरावा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि ती सवय प्रखर झोताने क्षणात मोडते. समोरून येणाऱ्याच्या, विशेषतः दुचाकीस्वाराच्या, डोळ्यांवर झोत टाकू नये. तो असभ्यपणा तर आहेच, शिवाय अपघाताला निमंत्रण आहे. लाकडांच्या ढिगात, गवताच्या गंजीत, बुटांत हात किंवा पाय घालण्यापूर्वी आधी उजेड घालावा.

आणि चावलेच, तर विजेरीचे काम संपले आणि वाहनाचे सुरू झाले असे समजावे. कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. माणसाला धीर देऊन, हातपाय फार न हलवता थेट रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते, आणि दाव्याला लागणारी नोंदही तेथेच होते.

राहिला प्रश्न सेलचा, ज्यातून हा लेख सुरू झाला. सेल वापराविना पडून राहिले तरी उतरतात, कधी गळतात आणि आतली पट्टी खाऊन टाकतात. खुंटीला टांगलेली बॅटरी वर्षभर कोणी पाहत नाही, आणि जिला तपासले नाही ती आहे असे धरणे म्हणजे न जुळवलेल्या खात्याची शिल्लक खरी मानण्यासारखे आहे. म्हणून जी विजेरी नेहमी वापरात नाही तिचे सेल काढून तिच्याशेजारीच ठेवावेत, आणि जी खिशात आहे ती दर महिन्याच्या एक तारखेला लावून पाहावी.

वर्षातून एकदा सेल बदलण्याचा मुहूर्त मी माझ्यापुरता ठरवला आहे. सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून वळते होतात आणि तसा संदेश मोबाईलवर येतो. पाऊस तेव्हा दाराशी आलेला असतो. आमच्या शाखेत खातेदार त्या सुमारास विम्याची चौकशी करायला येतात, तेव्हा अर्ज पुढे करण्याआधी मी आता त्यांना एक प्रश्न विचारतो, "घर की बैटरी में सेल हैं ना?" काही हसतात. काही मात्र थोडा वेळ गप्प राहतात, आणि मला कळते की घरी गेल्यावर ते नक्की पाहणार आहेत. वाचकहो, आपणही आज दिवेलागणीला एकदा पाहावे, एवढीच विनंती.