चातुर्मासाचा नेम आणि देहाची परीक्षा

आषाढ शुद्ध एकादशीस देवशयनी म्हणतात. या दिवसापासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास चालतो आणि घरोघरी नेम धरले जातात. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करतो, कोणी पोथी लावतो. अशा पर्वकाळी आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत तो विषय प्रथमदर्शनी सणाच्या पानास शोभणारा वाटणार नाही. तो विषय आहे देहात साचणाऱ्या मेदाचा, त्या मेदाच्या मोजमापाचा आणि त्यापायी यकृतावर ओढवणाऱ्या संकटाचा. परंतु व्रत घडते ते देहाकडूनच. शिवाय ज्या घरांत एकादश्या, सोमवार आणि चतुर्थ्या निष्ठेने पाळल्या जातात, त्या घरांतील उपवासाच्या ताटाचा या विकाराशी निकट संबंध आहे. म्हणून हे विवेचन याच पानावर आणि याच दिवशी व्हावे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा आहे, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे अथवा स्थूल आढळले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची जी पाहणी झाली आणि २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत दिसून आला. म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ दोघांच्या पोटावर अधिक मेद आहे. पंगतीस बसलेल्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर हा आकडा परका वाटणार नाही.

आमच्या पूर्वाचार्यांस हा विकार अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा आहे. तेथे अतिस्थूल पुरुषाचे वर्णन करून त्याच्या आयुष्याचा ऱ्हास, हालचालींतील मंदपणा, दौर्बल्य, अतिशय घाम, अनावर भूक आणि तहान हे दोष सांगितले आहेत. कारणे सांगताना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप यांच्या जोडीला बीजस्वभावही, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्मही, आचार्य गणतात. ‘निंदित’ हा शब्द पाहून कोणी स्थूल माणसाची टवाळी करू नये. चरकाने तेथे निंदेचा व्यासपीठावरून उच्चार केलेला नाही. चिकित्सेस अवघड अशा देहाची लक्षणे वैद्यापुढे मांडली आहेत. ज्याने बीजस्वभाव मान्य केला, त्याने सारा दोष रोग्याच्या जिभेवर ढकलला नाही, हे उघड आहे.

आता परीक्षा कशी करावयाची ते पाहू. देवळात नवसाची गूळतुला होते, तेव्हा तराजू माणसाचे वजन सांगतो. पण ते वजन हाडाचे, मांसाचे की मेदाचे, हे सांगत नाही. उंच माणसाचे वजन अधिक असणारच. म्हणून वजनाचा उंचीशी मेळ घालावा लागतो. बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात असे एक गुणोत्तर मांडले. १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यास देहभारांक म्हणू. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, की हा अंक मिळतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल, तर देहभारांक २५ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मापाप्रमाणे २५ पासून अधिक वजन व ३० पासून लठ्ठपणा समजला जातो. परंतु भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी ही मर्यादा खाली आणली. २३ च्या पुढे सावध व्हावे आणि २५ पासून लठ्ठपणा समजावा, असे त्यांनी ठरविले.

ही मर्यादा खाली का आणावी लागली, याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभारांक एकच, २२.३. परंतु अंगातील मेद मोजला तेव्हा युडकिनांच्या शरीरात तो ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला! पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात असेही दिसले, की आपली नवजात बालके इंग्रज बालकांच्या तुलनेने वजनाने पुष्कळ हलकी असली, तरी त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने फारसा उणा नसतो. उणे असते ते मांस. तात्पर्य, हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले, अशी जी आकृती आपण नित्य पाहतो, तिचा पाया कित्येकदा मातेच्या उदरातच घातला जातो. काटा ‘ठीक आहे’ म्हणतो म्हणून अशा माणसाने निश्चिंत राहू नये.

म्हणूनच काट्याच्या जोडीला कंबरेचे माप हवे. कातडीखालचा मेद तितकासा घातक नसतो. आतड्यांभोवती व यकृताभोवती साचणारा मेद घात करतो, आणि त्याची चाहूल कंबर देते. सर्वांत खालची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, टेप आडवी धरून घेर मोजावा. भारतीय पुरुषास ९० सेंटिमीटर आणि स्त्रीस ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. पोट आत ओढून मोजल्यास फसवणूक टेपची होत नाही, आपलीच होते. घरात टेप नसेल, तर याहून सोपी रीत आहे. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, ती दुमडून निम्मी करावी आणि कंबरेभोवती धरावी. दोन्ही टोके जुळली तर बरे. न जुळल्यास कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक झाली, हे समजावे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या कंबरेस करगोटा असे. तो काचू लागला की घेर वाढल्याचे आपोआप कळे. आज नाडीचा लेंगा आणि सैल झब्बा सारे पोटात घालतात!

मोजमाप झाले म्हणजे परीक्षा संपली, असे नाही. २०२५ सालच्या प्रारंभी भारतीय तज्ज्ञांनी नवी मांडणी केली. देहभारांक २३ च्या पुढे आहे, पण कोणत्याही इंद्रियाचे कार्य बिघडलेले नाही, ही पहिली पायरी. आणि पोटाच्या मेदाबरोबर चालणे-फिरणे अवघड होणे किंवा मधुमेहासारखा विकार जडणे, ही दुसरी पायरी. याचा अर्थ असा, की मेद किती आहे एवढेच विचारून थांबू नये. त्याने काय केले, हेही विचारावे. रक्तदाब मोजावा. उपाशीपोटी साखर आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर तपासावी. रक्तातील स्निग्धांश पाहावा. रात्री मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडखळतो का, दिवसा पेंग येते का, जिना चढताना गुडघे बोलतात का, हे घरच्यांनी विचारावे. आणि यकृताची विचारपूस तर अवश्य करावी.

यकृत हे देहाचे कोठार आहे. अन्नातील जादा साखर ते साठवून ठेवते. पण त्या साठ्यास मर्यादा आहे. भर वाढतच राहिली, की उरलेल्या साखरेचा मेद बनतो, आणि अंगावरील मेदही रक्तावाटे तेथेच येऊन पडू लागतो. यकृतात पाच टक्क्यांहून अधिक मेद साचला, म्हणजे त्यास ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. बहुतेकांचा विकार तेथेच थांबतो. काहींच्या यकृतास मात्र सूज येते, सुजेतून व्रण धरतात, आणि वर्षानुवर्षांनी यकृत कठीण व निकामी होते. क्वचित कर्करोगही उद्भवतो. या वाटचालीत यकृत दुखत नाही. वेदना नाही म्हणून तक्रार नाही आणि तक्रार नाही म्हणून तपासणी नाही, असे हे दुष्टचक्र आहे. त्यातही ध्यानात ठेवावे ते हे, की अशा रोग्यांना सर्वाधिक मृत्यू यकृतामुळे येत नाही, तो हृदयविकारामुळे येतो. कारण मूळ एकच आहे.

येथे आमच्या श्रोतृवर्गास एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. यकृत बिघडले म्हणजे मद्यपान असलेच पाहिजे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात मद्याचा थेंब नाही, अशा माळकरी गृहस्थाच्या सोनोग्राफीच्या कागदावर हे दोन शब्द उमटतात, तेव्हा तो तो कागद कपाटात दडवून ठेवतो. लोक काय म्हणतील, या भयाने औषधोपचार टळतो. हा अन्याय आहे. हा विकार दारूशिवाय होतो. शाकाहाऱ्यास होतो, स्त्रीस होतो, सडपातळ माणसासही होतो. या कलंकाचा विचार वैद्यकशास्त्रानेही केला. ‘मद्याविना होणारा’ असे जुने नाव टाकून २०२३ साली जगभरच्या संघटनांनी चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव स्वीकारले. मद्य पिणाऱ्याचे यकृत अधिक वेगाने बिघडते, यात संशय नाही. पण न पिणाऱ्याने आपल्या कागदाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

तपासणी महागडी नाही. सोनोग्राफीत बराच मेद असल्यास दिसतो. थोडा असल्यास निसटू शकतो. रक्तातील यकृताचे अंक नेहमीचेच आले, तरी आत काही नाही असे ठरत नाही. व्रण धरले आहेत का, याचा पहिला अंदाज वय, यकृताचे दोन अंक आणि रक्तबिंबिकांची संख्या एवढ्यांवरून गणिताने बांधता येतो. ‘फिब-४’ असे त्याचे नाव. हा अंक १.३ च्या खाली असल्यास साधारणतः दिलासा असतो. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा २ धरतात. अंक अधिक आल्यास डॉक्टर यकृताचा कठीणपणा मोजणारी तपासणी सुचवितात. २०२१ साली केंद्र शासनाने या विकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला आहे. मधुमेही आणि पोट सुटलेल्या व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांस या तपासणीविषयी स्वतः होऊन विचारावे.

आता उपवासाकडे वळू. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. देवाच्या सान्निध्यात राहणे, हा त्या शब्दाचा भाव. परंतु ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच रूढ झालेली नाही. सकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस, रात्री साबुदाणेवडे व रताळ्याच्या गोड चकत्या. यास उपवास म्हणावयाचे तर पंगत कशास म्हणावे? साबुदाणा हा कंदाचा नुसता सत्त्वांश. त्यात पिष्ट जवळजवळ सगळे आणि प्रथिने नाममात्र. आणखी एक गंमत पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके. ती आपल्याकडे गेल्या चार-पाच शतकांत आली. जुन्या स्मृतिकारांनी त्यांची नावेही ऐकलेली नसणार. तेव्हा ती खाण्याची आज्ञा शास्त्राची नव्हे. ती रूढी आहे, आणि प्रकृतीस बाधक झालेली रूढी मर्यादित केल्याने धर्म बुडत नाही. आळंदीहून पंढरपुरापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पायी येणाऱ्या वारकऱ्यास तीच खिचडी पचते. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्यास ती कंबरेवर चढते.

उपाय अवघड आहे, पण आवाक्यातला आहे. वजन पाच टक्के उतरले, तर यकृतातील मेद घटतो. सात ते दहा टक्के उतरले, तर सूजही ओसरू लागते. दहा टक्क्यांच्या पुढे व्रणही सुधारण्याची आशा असते. सत्तर किलोच्या माणसास पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो आणि दहा टक्के म्हणजे सात किलो. चातुर्मासाचे चार महिने हाताशी असताना महिन्यास एक-दोन किलो ही काही घोर तपश्चर्या नव्हे. आज कंबर मोजून पंचांगाच्या पानावर लिहून ठेवावी आणि कार्तिकी एकादशीस पुन्हा मोजावी. रोज अर्धा तास भरभर चालण्याचा नेम धरावा. चहातील साखर, शीतपेये आणि तळण यांपैकी एक तरी चार महिने सोडावे. उपवासाच्या दिवशी एकच वेळ फराळ करावा, तोही फळे, ताक, दूध यांचा. ताटात उरलेले वाया जाऊ नये म्हणून गृहिणीने ते आपल्या पोटात ढकलू नये. मुळात वाढतानाच बेताने वाढावे.

दोन इशारे मात्र दिलेच पाहिजेत. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांस विचारल्यावाचून कडक उपवास करू नये. साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतते. आणि जाहिरातीत झळकणारी वजन उतरविण्याची चूर्णे, काढे आपल्या मनाने घेऊ नयेत. ज्या यकृतास वाचवावयाचे, त्यासच अशा औषधांनी इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्यास योग नाकारला, तसाच तो मुळीच न खाणाऱ्यासही नाकारला. मध्यम मार्ग हाच तेथे विहित आहे. पोटास जाळावयाचे नाही आणि त्याचे लाडही पुरवावयाचे नाहीत. घरातील स्थूल लेकीसुनेस, मुलास टोचून बोलू नये. टोमण्याने मेद उतरत नाही, उलट माणूस लपून खाऊ लागतो. त्यांच्याबरोबर चालावयास निघावे. आजची एकादशी सुतळीच्या त्या निम्म्या तुकड्याने घराघरांत मोजली जावी आणि कपाटात दडवलेला एखादा कागद बाहेर काढून डॉक्टरांपुढे ठेवला जावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.