'चंदू चॅम्पियन' आणि कात्रजचा घाट

कात्रजमधल्या एका रसिक गृहस्थांच्या मते 'चंदू चॅम्पियन' या सिनेमाला नावं ठेवणारे करंटे आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमा म्हणजे माहितीपट नव्हे. गाण्याशिवाय तिकीट खपत नाही. आणि जून 2024 मध्ये चित्रपट आला म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये, ज्यांच्यावर तो बेतला त्या मुरलीकांत पेटकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दाखल्यादाखल ते घाटाकडे बोट दाखवतात. 1663 च्या लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पोत बांधून मुघलांना इकडे चकवलं, ही कथा कुणी पुराव्याने तपासतं का? मीठमसाल्यावरच गोष्टी जगतात!

बैलांचं ठीक आहे. ती हुलकावणी शत्रूसाठी होती. इथे कात्रजचा घाट दाखवला गेला तो तिकीट काढून बसलेल्यांना.

1965 च्या युद्धात सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा हा पेटकर नावाचा, ईएमई या लष्कराच्या तांत्रिक दलातला जवान आणि मुष्टियोद्धा, नऊ गोळ्या लागूनही वाचला. एक गोळी मणक्यात राहिली, कमरेखालचं शरीर निकामी झालं. खरी गोष्ट इथून सुरू होते. अशा रुग्णाला दर दोन-दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. लघवीसाठी नळी. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत जायचं तर सगळा भार दंडांवर. जगण्याची ही रोजची झटापट दिग्दर्शकाला रुक्ष वाटली असावी. त्याने आठ मिनिटांच्या सलग युद्धदृश्याचा गाजावाजा केला, आगगाडीत जवानांना नाचवलं, म्हाताऱ्या नायकाला पोलीस ठाण्यात बसवून हशे घेतले. रुग्णालयातही हसवायला एक वॉर्डबॉय हजर. जाहिरातीत तर नायकाची चरबी 39 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर कशी आली याचंच कौतुक आणि लंगोटातलं पोस्टर. ज्याचे पायच गेले त्याच्या गोष्टीची विक्री कोणाच्या मांड्यांवर झाली, हे रसिकांनी एकदा सांगावं.

माहितीपट कुणी मागितलाच नव्हता. गाण्यालाही विरोध नाही, ते आगगाडीत का, एवढाच प्रश्न. पुरस्काराचं म्हणाल तर पद्मश्री 2018 सालीच मिळाली होती, तेव्हा हा सिनेमा नव्हता. बाकी अर्जुन पुरस्कारासाठी आधी तारांकित नायक लागत असेल, तर त्याचा आनंद रसिकांनी खुशाल मानावा. ऐतिहासिक चित्रपटांच्या वेळीही हीच मंडळी 'निदान पोरांना नाव तरी कळलं' म्हणत पुढे येतात. नाव कळतं खरं, माणूस तसाच राहतो.

मग हवं होतं काय? पेटकर 1968 ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळले. 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलं आणि तिथेच भालाफेक, अचूक भालाफेक व स्लॅलमच्या अंतिम फेऱ्याही गाठल्या. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी. पडद्याला एक पदक पुरलं.

आणि पोहण्याचा सल्ला दिला होता तो उपचार म्हणून. तेव्हा पहिल्यांदा पाण्यात उतरवलेला माणूस, मागे फरफटणारे पाय, नुसत्या हातांवर तरंगायची धडपड: आठ मिनिटं याला द्यायची होती, सलग. त्याला दारूगोळाही लागला नसता.